करवलीच्या पायाचं माप

आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे सोलापूर. बसवकल्याणहून सस्तापूर बंगल्यावर यायचं आणि हमरस्त्यानं उमरगा मागे टाकून सोलापूर गाठायचं. सकाळी निघालं की रात्री उशिरा गाठोड्यांसकट घरी. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या, सगळं झालं आणि पाय मोडायला आले, की शेवटी कोणाला तरी आठवण होते, "अगं बाई, पायातलं राहिलंच की!" पायातलं नेहमीच शेवटी आठवतं. ते घेताना डोकंही शेवटाला आलेलं असतं.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेच्या लेकीचं लग्न झालं. पाच करवल्या होत्या, सर्वांत धाकटी अकरा वर्षांची, थोरली चोवीस. पाचही जणींना एकाच रंगाचे घागरे शिवलेले, तेव्हा पायातलंही एकसारखं हवं असं ठरलं. दुकानदारानं सोनेरी रंगाच्या, तीन इंच टाचेच्या सँडल काढल्या. जोडी अठराशे पन्नास रुपये. जाऊबाईंनी जोड हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला आणि आमच्या घराण्यातला ठरलेला प्रश्न विचारला, "चामडं नाही ना?"

"छे, छे! एकदम सिंथेटिक. आमच्याकडं जैन गिऱ्हाईक भरपूर येतं, ताई."

झालं. अहिंसेची परीक्षा पास. पुढे एकही प्रश्न नाही.

माझ्या नणंदेची लेक, एकोणीस वर्षांची, त्या दुकानात शेवटच्या स्टुलावर बसली होती. तिचा डावा पाय जन्मतः आत वळलेला होता. लहानपणी प्लॅस्टर झाली, ऑपरेशन झालं, आता ती नीट चालते. पण अशा पायाचं एक असतं, तो दुसऱ्यापेक्षा लहान राहतो. तिच्या उजव्या पायाला सहा नंबर लागतो, डाव्याला चार. दुकानदार म्हणाला, जोडी फोडून देता येत नाही. दोन जोड्या घ्या म्हणावं, तर उंच टाचेवर तो डावा पाय ठरेनाच. ती उभी राहिली, कपाटाला धरलं आणि पुन्हा बसली. जाऊबाई वाईट स्वभावाच्या नाहीत. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "राहू दे बाळा, तू करवलीत नको उभी राहू. तुला आपण अक्षता वाटायला ठेवू. ते पण मानाचंच काम हाय."

पोरगी हसली आणि "चालतंय की मामी" म्हणाली. चार जोड बांधले गेले. मी तिथेच उभी होते आणि मीही काही बोलले नाही. हा लेख त्या न बोलण्याचा आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला बोल लावण्याआधी तेवढं लिहून ठेवते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या जोड्यात चामडं नाही तो अहिंसक, हा आपला समज अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे सोयीचा आहे. जोडा कशाचा आहे एवढंच आपण विचारतो. तो कोणाच्या पायात जाणार आणि कोणाच्या हातून आला, हे विचारत नाही. हे दोन प्रश्न टाळून केलेली खरेदी मला अहिंसक वाटत नाही. त्या दिवशी दुकानात जनावर एकही दुखावलं नाही. एक मुलगी मात्र दुखावली गेली, आणि आम्ही तिथून पुण्य केल्यासारख्या बाहेर पडलो.

आधी त्या चामड्याचंच घेऊ. मी चामडं वापरत नाही आणि पुढेही वापरणार नाही. देवळाच्या दारात चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा अशी पाटी असते, ती मला जाचक वाटत नाही. पण हा प्रश्न आपण फक्त पायाशी का विचारतो? त्याच दिवशी, त्याच बस्त्यात, आम्ही दोन दुकानं अलीकडे अस्सल रेशमाचे शालू घेतले होते. रेशीम कसं निघतं हे शाळेच्या पुस्तकात आहे. कोशातला किडा बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून तो आत असतानाच कोश उकळत्या पाण्यात टाकतात. एका शालूमागे असे हजारो जीव जातात. रेशीम न नेसण्याचा नियम घेतलेल्या बाया आपल्या समाजात आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण बाकीच्या आपण? शालूचा पदर गालाला लावून "काय मऊ हाय!" म्हणतो आणि सँडल नाकाला लावून वास घेतो. शालू अंगावर मिरवायचा आणि जोडा पायात घालायचा, म्हणून शालूला सवलत आणि जोड्याला चौकशी. मला ही धर्माची तपासणी वाटत नाही. वर काय आणि खाली काय, एवढंच त्यात पाहिलेलं दिसतं.

आणि ते सिंथेटिक म्हणजे तरी काय? कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. दोन वर्षं कपाटात ठेवलेली महागाची सँडल बाहेर काढल्यावर तिच्या तळव्याचा भुगा हातात आल्याचं कोणत्या घरात झालं नाही? हवेतल्या ओलाव्यानं त्या फोमचे असे तुकडे होतात. मग ती उकिरड्यावर जाते. तो भुगा मातीत मिसळत नाही, नाल्यात जातो, गुरांच्या पोटात जातो. लग्नातला जोड म्हणजे तर एका दिवसाचा. ज्या गायीचं कातडं नको म्हणून आपण तो घेतला, तिच्याच पोटात तो गेला, तर हिशेब कुठे मांडायचा?

आपल्याकडे तत्त्वार्थसूत्र पर्युषणात ऐकतात. दहा दिवस दहा अध्याय. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी प्रमादाचं नाव घेतलं आहे. प्रमाद म्हणजे बेफिकिरी, लक्ष नसणं. जीव गेला की नाही ही पुढची गोष्ट, आधी तुमचं लक्ष कुठे होतं ते सांगा, असा त्या व्याख्येचा रोख मला तरी दिसतो. आता ह्या कसोटीवर आमचं सोलापूरचं दुकान ठेवून बघा. पाच बाया, अकरा वर्षांची पोरगी तीन इंचांच्या टाचेवर झोके खाते आहे, दुसरी कपाटाला धरून उभी आहे आणि आमचं सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर: रंग घागऱ्याच्या काठाला जुळतो का?

टाच उंच झाली की अंगाचा भार मागच्या टाचेवरून सरकून पुढच्या चवड्यावर येतो. पुढे जोडा निमुळता असला की बोटं एकमेकांवर चढतात, अंगठा आत ढकलला जातो. रोज घालणारीच्या पोटऱ्यांचे स्नायू आखडतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं. एका दिवसानं एवढं होत नाही, मान्य. पण लग्नाचा दिवस साधा दिवस नसतो. करवली बसत नाही. ती पहाटेपासून पळत असते, नवरीचं पाणी, नवरीची पिन, नवरीचा रुमाल. मांडवात खाली गालिचा, गालिच्याखाली उकरलेली माती, मातीत टाच रुतते. शिवाय नवरदेवाचे जोडे पळवायचं कामही तिच्याकडेच! आपल्याकडे पूर्वी कानपिळी होती, नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळायचा आणि आपला मान घ्यायचा. जोडे पळवण्याचा खेळ आपल्या बाजूला बोकाळला तो 1994 च्या 'हम आपके हैं कौन' नंतर. आता गंमत बघा. नवरदेवाच्या एका जोडासाठी दोन्हीकडच्या वऱ्हाडात तास-तास घासाघीस चालते, हजारांचे सौदे होतात, त्याचे व्हिडिओ निघतात. आणि तो पळवणाऱ्या पोरीच्या टाचेला आलेल्या फोडावर पट्टी लावायला कोणी सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, मुलींनाच हवं असतं हो. आम्ही कुठे बळजबरी केली? जाऊबाईही हेच म्हणाल्या, आणि त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. चौघींना ते जोड खरंच आवडले होते. उंच व्हावं, ठसक्यात चालावं, ह्यात वाईट काय? मीसुद्धा कलबुर्ग्याला बी.ए. करताना, तेव्हाच्या गुलबर्ग्यात, मैत्रिणीच्या उंच चपला घालून गॅदरिंगला मिरवले आहे. हौसेवर माझा राग नाही. ज्या मुलीला हवी तिनं खुशाल घालावी. माझा राग 'एकसारखं' ह्या शब्दावर आहे. हौस एकीची असते तोवर हौस. ती पाचजणींना लावली की तिचा गणवेश होतो, आणि गणवेशात जो पाय बसत नाही तो रांगेबाहेर जातो.

हे 'एकसारखं' आपलं नव्हेच. 1840 साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात बारा मुली एकसारख्या पांढऱ्या पोशाखात तिच्या झग्याचा घोळ धरून चालल्या होत्या. राजघराण्यातलं तसलं दृश्य पुढे चित्रांतून, सिनेमांतून, फोटोंतून फिरत फिरत आपल्या मंगल कार्यालयांपर्यंत आलं. आमच्या आईच्या वेळी करवली म्हणजे पाठची बहीण. अंगावर घरातली बरी साडी, पायात काही नाही, हातात करा आणि दिवा. तिचा मान त्या दिव्यामुळे होता.

आणि करवलीचं खरं काम जिथे असतं तिथे जोडा लागतच नाही, हे आपण विसरलो आहोत. आपल्या विधीत वेदीवर विनायक यंत्र मांडलेलं असतं, होम असतो. तिथे नवरा-नवरी अनवाणी, पंडितजी अनवाणी, करवल्या अनवाणी. आपल्या मुनीमहाराजांचा विहार होतो तेव्हा ते डांबरी रस्त्यावरून अनवाणी जातात आणि मागून चार मैल चालताना आपल्या बायाही चपला हातात घेतात. ज्या धर्मात सर्वांत मानाचा पाय तो अनवाणी पाय, त्या धर्माच्या घरात एका मुलीचं करवलीपण जोड्याच्या नंबरावरून गेलं! वेदीवर ती इतर चौघींसारखीच उभी राहिली असती. जोडे लागणार होते ते फक्त रिसेप्शनला, आणि तिथेही जमिनीपर्यंत लोळणाऱ्या घागऱ्याखाली ते कोणाला दिसणार होते? तर दिसणार होते फोटोत. आता फोटोग्राफर करवल्यांना घागरे वर धरून पाय गोलात ठेवायला लावतो आणि वरून फोटो काढतो. तेवढ्या एका फोटोसाठी.

तरीही ह्यात एवढं काय, असं वाटत असेल तर जगात डोकावून बघा. 2019 मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा ह्या बाईनं कामाच्या ठिकाणी बायकांवर उंच टाचांची सक्ती नको म्हणून सह्यांची मोहीम चालवली. हजारो बायकांनी सह्या केल्या, आणि तिथल्या मंत्रिमहोदयांनी अशा सक्तीची पाठराखण केली. त्याआधी लंडनमध्ये एका तरुणीला सपाट जोडे घालून आली म्हणून कामावरून परत पाठवलं होतं. तिच्या अर्जावर दीड लाख सह्या जमल्या आणि 2017 मध्ये ब्रिटिश संसदेला चर्चा करावी लागली. त्या बायका सक्ती कोण करतो ते बोट दाखवून सांगू शकल्या, मालक, कंपनी, नियम. आपल्याकडे सक्ती करणारी मावशी असते, काकू असते, मामी असते. ती प्रेमानं करते. म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा?

बस्त्याहून आल्यावर दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. दुसरंच काही बोलत होत्या. ठेवता ठेवता म्हणाल्या, "वहिनी, तेवढं पोरीचं मनावर घेऊ नका. ती काही रडायली नाही." रडत नाही हे मुद्दाम सांगायला फोन करावा लागतो, त्यातच सगळं आलं. मी वन्संना म्हटलं, पोरीला माझ्याकडं पाठवा.

आमच्या गावात जुन्या बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारे चप्पल शिवायला बसतात. समगार. आम्ही त्यांना मामा म्हणतो. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे तुटलेले अंगठे लावायला, पट्टे शिवायला जात आले, पण नवीन जोड करून घ्यायला कधी गेले नव्हते. पोरीला घेऊन गेले. त्यांनी तिला पोत्यावर बसवलं, पायाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि पेन्सिलीनं आधी उजवा, मग डावा पाय काढून घेतला. कागदाच्या पट्टीनं चवडा मोजला, घोटा मोजला. मग डाव्या पायाचा तळवा हातात धरून म्हणाले, "माय, भार कुठं येतो? इथं का बाहेरच्या कडंला?" पोरगी माझ्याकडे बघू लागली. एकोणीस वर्षांत डॉक्टर सोडले तर तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, मामा, चामडं नको. ते म्हणाले, "तुमचं म्हाईत हाय की. कापडाचं करू." घरात गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे शिल्लक होते, घागऱ्याच्या रंगाशी जवळचे. खाली रबराचा तळवा, डाव्या पायाला बाहेरच्या कडेनं एक पातळ थर जास्त. रापीनं कापलं, आरीनं शिवलं. चार दिवसांत जोड तयार. एक पाय सहाचा, एक चारचा, आणि दोन्ही पायांत तिचेच. मागितले सहाशे रुपये.

घरी तो जोड दाखवला तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "कापडाचा आसंल गं, पण हात कोणाचे? दिवसभर चामड्यात घातलेले. मंगलकार्याला ते जोडे?" आत्याबाई सत्तर पार केलेल्या. त्यांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. पण ह्या वाक्यानं माझ्या डोक्यातला गुंता एकदम सुटला. आपला प्रश्न "चामडं आहे का" एवढाच नव्हता तर! त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक दडलेला होता. दुकानातली सोनेरी सँडलही कुठल्या तरी माणसाच्याच हातची, कदाचित अशाच हातची. पण तो माणूस दिसत नव्हता, म्हणून ती पवित्र. मामा दिसत होते, म्हणून त्यांचा जोड विटाळलेला. मी आत्याबाईंना एवढंच म्हटलं, "आत्या, हात धुवायला पाणी असतंय. मनाला काय लावायचं?" त्या बोलल्या नाहीत. मीही पुढे बोलले नाही. पण इथे बोलते, कारण ही गोष्ट आमच्या गावात नवी नाही.

आमचं गाव म्हणजे जुनं कल्याण. बाराव्या शतकात इथे कलचुरी बिज्जळ राजा होता आणि बसवण्णा त्याचे मंत्री. बसवण्णांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचे एक होते, जातीनं समगार. परंपरा सांगते की बसवण्णांना ह्यांनी वाटेत एकदा 'शरणु' म्हटलं, त्यावर बसवण्णांनी दोनदा वंदन केलं. ते वरचं एक वंदन आपल्यावर ऋण राहिलं, असं हरळय्यांना वाटलं. म्हणून त्यांनी आणि त्यांची बायको कल्याणम्मा ह्यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे केले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. पुढे ह्याच हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस ह्या ब्राह्मण घरातून आलेल्या शरणाच्या मुलीशी ठरलं. त्यांच्या लेखी दोघंही शरण, जातीचा प्रश्नच नव्हता. राजदरबाराच्या लेखी होता. हरळय्या आणि मधुवरस ह्या दोन व्याह्यांना हत्तीच्या पायी देऊन मारलं असं सांगतात. शरण पांगले, बसवण्णा कूडलसंगमाला निघून गेले आणि बिज्जळाचाही खून झाला. गिरीश कर्नाडांचं 'तलेदंड' हे 1990 चं नाटक ह्याच लग्नाभोवती फिरतं.

लिंगायत पुराणांत बिज्जळ जैन होता असं येतं. इतिहासाचे अभ्यासक ह्यावर एकमत नाहीत, काही त्याला शैव म्हणतात. तो कोण होता ह्यावर भांडायला मला रस नाही. मला एवढंच दिसतं की ह्या गावात साडेआठशे वर्षांपूर्वी जोडे करणाऱ्याच्या घरचं एक लग्न माणसांच्या जिवावर बेतलं, आणि आजही जोडे करणाऱ्याचा हात मंगलकार्यात नको असतो. आपण जैन आहोत आणि आपल्याकडे जातपात नाही, असं सभेत म्हणायला आपल्याला आवडतं. मग "हात कोणाचे" हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात कुठून आला?

बाहेर काय चाललं आहे तेही बघा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमा राजकारण्यांनी आखली, पण चपलेनं ती कधी मानली नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये 'प्राडा' ह्या बड्या कंपनीनं तसल्याच चपला आपल्या म्हणून दाखवल्या. केवढा गदारोळ झाला! कारागिरांचा अपमान म्हणून आपण सगळे पेटलो, माझ्या जाऊबाईंनीसुद्धा मोबाईलवर चार निषेध पुढे पाठवले. शेवटी कंपनीला ही प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे हे कबूल करावं लागलं. चांगलंच झालं. पण मिलानमध्ये नाव घेतलं नाही म्हणून आपण रागावलो आणि आपल्या गल्लीत ज्याच्याकडून वीस वर्षं पट्टे शिवून घेतले त्याचं नाव आपल्यालाही माहीत नव्हतं. मी त्या दिवशी विचारलं तेव्हा मामांनी आधी मान वर करून बघितलं, काही चुकलं का म्हणून.

लग्नात काय झालं? भाची करवली म्हणून उभी राहिली. ते मी जाऊबाईंशी भांडून करून घेतलं. दोन दिवस आमच्यात अबोला होता. वेदीवर पाचहीजणी अनवाणी होत्या, करा-दिवा भाचीच्या हातात होता. रिसेप्शनला चौघींनी सोनेरी टाचा घातल्या, हिनं खणाचा जोड. रात्री नऊपर्यंत दोघींनी टाचा काढून स्टेजखाली सरकवल्या होत्या आणि दोघी रेटून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. सगळं माझ्या मनासारखं झालं असं सांगायला हा काही कीर्तनातला दृष्टांत नाही. पायांच्या गोलाचा फोटो निघाला, त्यात भाचीला घेतलं नाही. ती म्हणाली, मला नकोच होतं. खरं की खोटं, मला माहीत नाही.

मामांना मी पत्रिका देऊन आले होते, हळदकुंकू लावून, घरच्यांना देतात तशी. पंगतीला या म्हणून दोनदा सांगितलं. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी लाडू-चिवडा घेऊन गेले, तर म्हणाले, "गिऱ्हाईक होतं, अक्का." लग्नाच्या दिवशी अमावस्या नव्हती, बाजार नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. साडेआठशे वर्षांत आपण त्यांना यायची सवय कुठे लावली?

म्हणून बायांनो, ज्यांच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडायचा आहे त्यांना माझं चार गोष्टींचं सांगणं आहे, पटलं तर घ्या. बस्त्यात पायातलं शेवटाला ठेवू नका. करवल्यांना रंग सांगा, जोड सांगू नका. एक म्हणेल टाच हवी, एक म्हणेल कोल्हापुरी, एक म्हणेल शाळेचेच बूट बरे. त्यांना त्यांचं घेऊ द्या. चामडं नको असेल तर नको, पण मग तोच प्रश्न शालूला, पर्सला, मोत्यालाही विचारा. आणि एक तरी जोड अशा माणसाकडून करून घ्या जो कागदावर पाय ठेवायला सांगतो. त्याला पैसे द्या, नाव विचारा, पत्रिका द्या. तो आला नाही तर पुढच्या लग्नाला पुन्हा द्या.

मामांनी काढलेला तो कागद माझ्याकडे आहे. वर्तमानपत्राच्या मजकुरावर पेन्सिलीची दोन पावलं, एक मोठं, एक लहान. जाऊबाईंची धाकटी आता लग्नाची झाली आहे. ह्या वेळी सोलापूरला निघायच्या आधी तो कागद मी त्यांच्या पर्समध्ये ठेवणार आहे.